विजेचा शेक

गणपतीपुळ्याच्या टेकडीला प्रदक्षिणा घालून आलेली वृद्ध माणसे पायरीवर बसून गुडघे चोळताना पुष्कळदा दिसतात. आमच्या लहानपणी अशा दुखण्यावर आजीचा एकच उपाय असे. पुळणीवरची वाळू तव्यावर तापवावयाची, फडक्यात बांधून तिची पुरचुंडी करावयाची आणि तिने दुखरा भाग शेकावयाचा. त्या उबेने बरे वाटे. परंतु ती कातडीखाली फारशी उतरत नसे. खोल स्नायूंपर्यंत ऊब पोचवावी म्हटले, तर आधी कातडीच भाजून निघावयाची!

ही अडचण दूर करणारी यंत्रे आता अनेक रुग्णालयांत असतात. त्यांच्या उपचाराला 'डायाथर्मी' म्हणतात. हा शब्द 'आरपार' आणि 'उष्णता' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. गंमत अशी, की हे यंत्र तापलेल्या तव्याप्रमाणे उष्णता देत नाही. ते विद्युत्-चुंबकीय लहरी सोडते. प्रकाश आणि रेडिओच्या लहरी ही त्यांचीच भावंडे होत. सूक्ष्मतरंगांच्या, म्हणजेच मायक्रोवेव्हच्या, यंत्रातील लहरींची आंदोलने बहुधा सेकंदाला २४५ कोटी असतात आणि त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. या लहरी शरीरात शिरल्या म्हणजे तेथील पाण्याचे रेणू त्यांच्या तालावर वळू पाहतात, एकमेकांवर आदळतात आणि त्यातून उष्णता उत्पन्न होते. स्नायूंत पाणी पुष्कळ, चरबीत थोडे. म्हणून स्नायू अधिक तापतात.

मग या लहरी घातक आहेत काय? क्ष-किरणांप्रमाणे अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नसते. यंत्र बंद करताच त्या थांबतात. शरीरात साठून राहत नाहीत. तरीही जी उष्णता औषध आहे, तीच अधिक झाली तर विष होते. वाहणारे रक्त पुष्कळशी उष्णता दूर नेते. परंतु डोळ्यांतील भिंगात रक्तवाहिन्याच नसतात. ते फार तापले तर गढूळ होऊन मोतीबिंदू होऊ शकतो. मधुमेहाने ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला भाजल्याचेही कळत नाही. शरीरातील धातूभोवती उष्णता एकवटते, आणि हृदयाला चालना देणाऱ्या यंत्राचे काम बिघडू शकते.

या शेवटच्या गोष्टीचा धडा मला स्वतःला मिळाला. गुडघा दुखू लागला म्हणून मी एका उपचारकेंद्रात गेलो. तेथील तरुण उपचारतज्ज्ञ माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने विचारले, "गुरुजी, शरीरात कोठे धातूची पट्टी किंवा खिळा आहे का?" मी घाईने "नाही" म्हणालो. तिने धोतर किंचित वर सारून पाहिले आणि म्हणाली, "मग हा व्रण कसला?" पूर्वी जांभ्याच्या ओल्या पायरीवरून घसरून माझा पाय मोडला होता आणि हाडाला पट्टी बसवलेली होती. मी ते विसरूनच गेलो होतो! तिने विजेचा शेक रद्द केला आणि मला व्यायाम शिकवले. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट ऐकून उत्तर द्या' असे सांगणारा मी त्या दिवशी ओशाळलो.

शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे मात्र तिने घड्याळ व अंगठी काढून ठेवली, कातडीवरचा घाम पुसला आणि यंत्र सुरू करून ती दूर जाऊन उभी राहिली. मी कारण विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, रुग्णाला वीस मिनिटांचा शेक, मला मात्र दिवसभर येथेच वावरायचे असते."

तिच्या बोलण्यात मोठे शास्त्र होते. उगमापासून दूर गेल्यावर लहरी विखुरतात. सर्वसाधारणपणे अंतर दुप्पट झाले की त्यांची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून यंत्र चालवणाऱ्याने निदान एक मीटर दूर राहावे आणि यंत्राचे तोंड आपल्याकडे किंवा कोणाच्याही डोळ्यांकडे वळवू नये. धातूची खाट लहरी परावर्तित करते. लाकडी खाट बरी. गर्भवती स्त्रीने अशा यंत्राजवळ थांबू नये.

आजीच्या पुरचुंडीचा चटका बसला की हात आपोआप मागे येई. या नव्या शेकाचा उगम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तेथे हाताऐवजी बुद्धीने सावध राहावे लागते. उपचार करणाऱ्याने विचारावे आणि रुग्णाने खरे सांगावे, म्हणजे हा विजेचा शेक दोघांनाही सुखाचा होतो.