कोणता कार्नो?

फ्रान्सच्या इतिहासात कार्नो भेटतो, इंजिनांच्या पाठ्यपुस्तकात भेटतो आणि खनिजांच्या नावांतही. पण हा एक माणूस नव्हे. बर्गंडीतल्या नोले गावच्या एका घराण्याच्या या तीन पिढ्या आहेत.

पहिला लाझार कार्नो (१७५३–१८२३). क्रांतीच्या धामधुमीत फ्रेंच फौजा उभ्या केल्या म्हणून त्याला ‘विजयाचा संघटक’ म्हणत. मला मात्र त्याचं १७८३ मधलं यंत्रांवरचं लेखन अधिक मोलाचं वाटतं. यंत्रात धक्का बसला की शक्ती वाया जाते, हे त्याने दाखवलं. पाणचक्कीच्या पात्यांवर पाणी आदळू नये आणि चाक सोडताना त्यात वेग उरू नये. मगच पाण्याकडून पुरतं काम मिळतं.

त्याचा मुलगा सादी (१७९६–१८३२). शिराझचा फारसी कवी सादी वडिलांना प्रिय, त्यावरून हे नाव. वडिलांचा विचार त्याने १८२४ च्या छोट्याशा पुस्तकात उष्णतेला लावला. पाणी वरून खाली येताना चाक फिरवतं, तशी उष्णता गरमाकडून गाराकडे जाताना इंजिन चालवते. मग यातलं काहीच फुकट न घालवणारं इंजिन कसं असेल?

सिलिंडरात हवा आणि वर दट्ट्या आहे असं समजा. सिलिंडर तापलेल्या वस्तूला टेकवला की हवा सावकाश फुगते आणि दट्ट्या उचलते. उष्णता आत येत राहते, म्हणून तापमान घसरत नाही. आता सिलिंडर तिथून काढून उष्णतारोधक आवरणात ठेवा. हवा आणखी फुगते, पण बाहेरून काही मिळत नसल्याने निवत जाते. ती गार वस्तूइतकी निवली की तिथे टेकवून दट्ट्या दाबायचा. उष्णता गार वस्तूत उतरते. शेवटी पुन्हा आवरणात ठेवून दाबत राहिलं की हवा तापत तापत मूळ स्थितीला येते. हे कार्नो चक्र. गोम अशी, की हवा आणि तिला टेकलेली वस्तू यांच्या तापमानात कधीच फरक पडू दिलेला नाही. वडिलांनी टाळलेला पाण्याचा धक्का मुलाने उष्णतेतही टाळला!

अशा इंजिनाची कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते, हे सादीने ओळखलं. आजचं सूत्र पुढे केल्विन आणि क्लाउझियस यांच्या कामातून आलं. वाफ ५०० अंश सेल्सियस आणि थंड करणारं पाणी ३० अंश धरू. म्हणजे ७७३ आणि ३०३ केल्विन. ३०३ ला ७७३ ने भागून उत्तर एकातून वजा केलं की साधारण ०.६१ येतं. म्हणजे या दोन तापमानांमध्ये शंभरातली एकसष्टाहून जास्त उष्णता कामाला लावणं कोणालाच शक्य नाही, आणि प्रत्यक्षातली केंद्रं त्याच्याही बरीच खाली राहतात. कोराडीच्या वीजकेंद्रालाही हाच नियम लागू आहे. सादी छत्तिसाव्या वर्षी कॉलऱ्याने गेला. १८३४ मध्ये क्लापेरॉनने हे चक्र आलेखात मांडलं नसतं, तर ते कदाचित विस्मरणात गेलं असतं.

सादीच्या पुतण्याचं नावही सादी, म्हणून सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हा १८८७ मध्ये फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८९४ मध्ये लियों शहरात एका इटालियन अराजकवाद्याने त्याला भोसकून मारलं. फ्रान्समधल्या ‘सादी कार्नो’ नावाच्या रस्त्यांवर बहुधा हाच असतो, चक्रवाला नव्हे.

त्याचा धाकटा भाऊ अदोल्फ खाणींचा अभियंता आणि रसायनज्ञ होता. पोटॅशियम, युरेनियम आणि व्हॅनेडियम असलेल्या पिवळ्याधमक खनिजाला १८९९ मध्ये त्याच्यावरून कार्नोटाइट नाव मिळालं. पुढे अमेरिकेत कोलोराडोतल्या याच खनिजातून रेडियम काढलं जाऊ लागलं.