कोयनेच्या दोन वाटा

सांगलीत वाढलेल्या माणसाला नदी फुटांत कळते. पावसाळ्यात आमच्याकडे दोन माणसे रस्त्यात भेटली की ख्यालीखुशाली नंतर. आधी प्रश्न येतो, ‘आयर्विनला किती?’ 1929 साली बांधलेल्या या पुलाशी पाणी 40 फुटांवर गेले की इशारा, 45 वर गेले की धोका, हे आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखे पाठ असते. 2005 साली ते 53 च्या पुढे गेले, तेव्हा ‘असा पूर आता आयुष्यात पुन्हा बघायला नको’ असे आम्ही म्हणालो. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर गेले. त्यानंतर मात्र असे काही म्हणण्याचे धाडस कुणी केलेले नाही.

पण आज सांगायची गोष्ट जुलै 2021 ची आहे. माझी धाकटी मुलगी चिपळूणला दिली आहे. 22 जुलैला पहाटे तिचा फोन आला. ‘‘अण्णा, वाशिष्ठी बाजारात शिरलीय. आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, काळजी करू नका.’’ एवढे बोलून फोन बंद पडला, तो पुढचे दोन दिवस लागला नाही. ती दोन दिवसांनी बोलली तेव्हा आमच्या अंगणात कृष्णा आलेली होती आणि मी पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर चढवत होतो. ‘‘तुम्ही काळजी करू नका’’ हे वाक्य आता माझ्या वाट्याला आले. सह्याद्रीच्या अलीकडे बाप आणि पलीकडे लेक, दोघेही एकाच आठवड्यात, एकाच पावसाच्या पाण्यात. त्या पावसाचा आकडाही सांगून ठेवतो. महाबळेश्वरला 24 तासांत जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस पडला. पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावावर डोंगर कोसळले. पूर्वेला उतरलेले पाणी आमच्याकडे आले, पश्चिमेला उतरलेले तिच्याकडे गेले. त्यात भरतीची वेळ आणि पौर्णिमा तोंडावर. खाडीने पाणी घ्यायचेच नाकारले, असे चिपळूणची माणसे सांगतात.

मी भूगोलाचा मास्तर. चाळीस वर्षे फळ्यावर कोयना काढली. महाबळेश्वरात उगम, डोंगररांगेला समांतर दक्षिणेकडे प्रवाह, हेळवाकजवळ एकदम काटकोनात पूर्वेकडे वळण आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेशी समोरासमोर भेट. पोरांना ते वळण काढायला फार आवडे. पण त्या वळणाशी माणसाने नदीला दुसरी वाट काढून दिली आहे, ती मी फळ्यावर फक्त तुटक रेघेने दाखवायचो. कोयना धरणात साधारण 105 अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातले वर्षाला 67.5 अब्ज घनफूट वीज करण्यासाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटपाच्या लवादाने मुभा दिली. हे पाणी बोगद्यांतून पोफळी-अलोऱ्याकडे उतरते, जनित्रे फिरवते आणि मग मोकळे होऊन वाशिष्ठीला मिळते. जत-आटपाडीचा माणूस हे ऐकून हळहळतो, आणि त्याचे काही चुकत नाही. पण तो विषय वेगळा. माझ्या डोक्यात पुरानंतर आले ते एवढेच, की माझ्या फळ्यावरची ती तुटक रेघ माझ्या मुलीच्या दारावरून जाते, आणि मी ती कधी पूर्ण चालून बघितलेली नाही.

ती बघायची आणखी एक ओढ होती. ती सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

माझे आजोळ भिलवडीच्या बाजूला, कृष्णेच्या अगदी काठावर. तिथे आमचे एक भोईमामा होते. नात्याने मामा नव्हेत. गावातली सगळीच पोरे त्यांना मामा म्हणत. पावसाळ्यात नाव चालवायची, उन्हाळ्यात नदीच्या वाळवंटात काकडी-कलिंगडाच्या वाड्या लावायच्या, जत्रेच्या दिवसांत मामींनी भट्टीवर चिरमुरे-फुटाणे भाजायचे आणि बाराही महिने जाळे, असा त्यांचा संसार. नाव दुरुस्तीला असली तर गुऱ्हाळातली गुळाची काहील पाण्यात लोटून ते माणसे पैलतीरावर नेत. काहिलीत बसल्यावर ती गरगर फिरते आणि आपल्याला आभाळ फिरताना दिसते. मामा ओरडत, ‘‘हलू नका रं, देवाचं नाव घ्या.’’

मामांची मासे धरायची जागा ठरलेली होती. काठावर वाळुंजांची रांग होती. वाळुंज म्हणजे पाण्यात पाय सोडून बसणारे झाड. पूर आला तर मोडत नाही, लवते. पूर ओसरला की पुन्हा उभे राहते. त्याच्या तांबूस मुळ्यांची जाळी पाण्यात लोंबत असे. तिच्यात मासळीची पिल्ले लपत, आणि पिल्लांच्या मागे मरळ, वाम, शिंगटे येत. मामा म्हणायचे, ‘‘ही झाडं म्हंजी माशांचं बाळंतघर हाय, मास्तर.’’ तेव्हा मी मास्तर झालेलो नव्हतो, पण चष्मा होता, तेवढ्यावरून त्यांनी मला पदवी देऊन टाकली होती.

ती रांग आता नाही. मळईच्या जमिनीवर ऊस थेट पाण्याच्या कडेपर्यंत आला. पंपांना जागा हवी म्हणून झाडे गेली. मळईची माती वीटभट्ट्यांना गेली आणि वाळू बांधकामांना. धरणातून पाणी सुटते तेव्हा काठ भिजतो, पाणी झरझर उतरले की भिजलेला काठ आपल्याच वजनाने ढासळतो; मुळ्याच नाहीत तर त्याला धरणार कोण? शेतकऱ्याचाही त्यात तोटाच आहे. दरवर्षी उसाच्या दोन सऱ्या नदी घेऊन जाते. काठ मोडला तशी मगरींचीही सोय मोडली. त्या आता माणसाच्या जास्त जवळ असतात, आणि अंधारात जाळे लावायला जाणाऱ्याच्या घरी बायकोला झोप लागत नाही. पात्रात आमच्या लहानपणी नाव न ऐकलेली चिलापी माजली आहे. शेरीनाल्याचे सांडपाणी हा तर सांगलीच्या प्रत्येक निवडणुकीतला विषय. 2023 च्या मार्चमध्ये अंकलीच्या आसपास मेलेल्या माशांचा खच पाण्यावर आला होता, तो वास अजून माझ्या नाकात आहे.

तर चिपळूण. पूर ओसरून वर्ष झाल्यावर मी एसटीने निघालो. कराड, पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट. घाटमाथ्यावर गाडी कलंडली की हवा बदलते, बोलीही बदलते. जावयांनी गोवळकोटच्या धक्क्यावर ओळख काढून ठेवली होती. होडीवाला निघाला भोई! दाभोळच्या खाडीकाठी भोयांची वस्ती पुष्कळ आहे, हे मला पुस्तकातून माहीत होते. पण समोर बसलेल्या माणसाने जाळ्याची गाठ मारली आणि मला भोईमामांची बोटे दिसली.

ओहोटीची वेळ होती. दोन्ही काठांना चिखल, आणि चिखलातून बाहेर डोकावणारी तिवराची मुळे, हजारो बोटे वर करून ठेवल्यासारखी. तिवराचे झाड या मुळांनी हवा घेते, कारण खाली चिखलात श्वासाला जागा नाही. खारे पाणी पिऊन जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. मी एक पान चाटून बघितले. (बायको असती तर ओरडली असती.) खरोखर खारट! होडीवाले दादा हसले. म्हणाले, ‘‘गुरुजी, ह्या मुळात कोलंबी वाढते, चिंबोरी वाढते, बोय येते. तिवर तोडला की आमचा संसार तोडला.’’

बाळंतघर! शब्द निराळे, गोष्ट तीच. खारे पाणी असो की गोडे, पाण्याच्या कडेचे झाड मासळीला आडोसा देते, गाळ धरते आणि काठ धरते.

या झाडांनी खूप सोसले आहे. जळणासाठी तोडली, खाजणात भातशेती करायला बांध घालून तोडली, मुंबईकडे तर भराव घालून इमारतींसाठी तोडली. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या तोडीला आळा घातला. 2012 मध्ये राज्याच्या वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष झाला. 2018 च्या निकालात न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या हक्काचाच भंग मानला, आणि 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2013 च्या अहवालात महाराष्ट्रातली कांदळवने 186 चौरस किलोमीटर होती. 2021 च्या अहवालात 324. मोडलेली गोष्ट पुन्हा उभी राहिल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी. हे त्यांतले एक आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात.

पण मी आकडा सांगितला तसे दादा गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘झाडा वाढली, ह्या खरा. मासळी खंय वाढली?’’ खाजणांचे बांध फुटले, शेती करणारी पोरे मुंबईला गेली, पडीक जमिनीत खारे पाणी शिरले आणि तिथे तिवर आपोआप उगवला, अशीही बरीच वाढ आहे. झाडाला ते चालते. खाडीत मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी मात्र कित्येक वर्षांच्या आहेत, आणि खाडीकाठचा माणूस बोट दाखवतो ते लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याकडे. बाळंतघराच्या भिंती उभ्या राहिल्या, पण आतले पाणीच विषारी असेल तर बाळ वाचणार कसे?

कोयनेच्या पाण्याविषयी मी मुद्दाम विचारले. त्यांचे म्हणणे असे, की विजेचे हे पाणी येते म्हणून वाशिष्ठी उन्हाळ्यातही आटत नाही आणि खाडीच्या वरच्या अंगाला पाणी गोडसर राहते. खाऱ्यातली मासळी त्यामुळे खाली सरकली, हे त्यांच्या आज्याचे गाऱ्हाणे. पुराच्या रात्री वरून पाणी सोडले की नाही, यावर होडीतच दोघांचा वाद जुंपला. तो चिपळुणात अजून मिटलेला नाही. माझ्या डोळ्यांसमोर सांगलीचा चहाचा गाडा आला. तिथेही हाच वाद चालतो, फक्त कोयनेच्या जोडीला अलमट्टीचे नाव असते.

आता एक गोष्ट मला स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण हल्ली झाडांविषयी लिहिताना फार गोड लिहिले जाते. 600 मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडला तर ना तिवर तो अडवू शकतो, ना वाळुंज. तिवर वादळाच्या लाटेचा जोर मोडतो. जून 2020 चे निसर्ग आणि मे 2021 चे तौक्ते ही वादळे कोकणाने लागोपाठ अनुभवली आहेत. अरबी समुद्र तापतो आहे आणि अशी वादळे पुन्हा येणार, असे शास्त्रज्ञ सांगतात. तिथे ही झाडे उपयोगी पडतील. पण डोंगरावरून आलेल्या पुराला हवी असते मोकळी जागा. ती आम्ही सांगलीत पूररेषेत घरे बांधून घालवली आणि चिपळूणने बाजार वाढवून. वाशिष्ठीचा गाळ पुरानंतर ‘नाम’सारख्या संस्थाही उतरून काढू लागल्या, ते चांगलेच झाले. पण गाळ येतो कुठून, तर वरच्या उघड्या डोंगरांवरून आणि ढासळणाऱ्या काठांवरून. तो दरवर्षी येत राहणार.

पूर आला की भोयांची आठवण सगळ्यांना होते, हेही नमूद करतो. 2019 मध्ये ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसे गेली, तेव्हा ‘नाव चालवणारी जुनी माणसे कुठे गेली’ अशी चर्चा आम्ही ओट्यावर बसून केली. ती कुठे जाणार? नदीत मासळी नाही, पूल झाले, म्हणून ती गवंड्याच्या हाताखाली गेली. भोईमामांचा मुलगा त्यांतलाच. 2019 च्या पुरात त्याची होडी आणि दोन जाळी वाहून गेली. मदतीचा अर्ज मीच लिहून दिला. एका कचेरीतून तो परत आला, कारण मासेमारीच्या परवान्याचा कागद जोडलेला नव्हता. तो कागद होडीबरोबर गेला होता. आम्ही तसे लिहून दिले, तर गेल्याचा पुरावा मागितला.

चिपळूणहून परत आल्यावर मी त्याच्याकडे गेलो आणि तिवराची सगळी कथा सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘गुरुजी, वाळुंजाची फांदी वल्ल्यात खवसली तर जगती. बा सांगायचा.’’ वरच्या अंगाला एका ओढ्याकाठी दोन जुनी झाडे उरली होती. तिथून आम्ही हातभर लांबीच्या चाळीस फांद्या आणल्या. मामांच्या जुन्या जागेवर जमीन ज्याची, त्या शेतकऱ्याला विचारले. तो आधी कां-कूं करत होता. गेल्या साली काठाबरोबर गेलेल्या त्याच्या सऱ्यांची आठवण दिल्यावर ‘‘लावा, पण पंपाची वाट सोडून’’ म्हणाला.

पहिल्या पावसाळ्यात बावीस वाहून गेल्या. चार गुरांनी खाल्ल्या. तीन कशाने वाळल्या ते कळले नाही. आज अकरा उभ्या आहेत, त्यांतली सगळ्यात उंच माझ्या खांद्याला लागते. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तो गुडघाभर पाण्यात वाकून मुळ्या चाचपत होता. ‘‘काय रे, काही आहे का?’’ मी काठावरून विचारले. त्याने ओंजळ वर काढली. तळहाताच्या पाण्यात बोटाच्या पेराएवढी तीन पिल्ले वळवळत होती. कसली, ते मला ओळखता आले नाही. ‘‘चिलापी न्हाई, एवढं नक्की,’’ तो म्हणाला आणि ओंजळ हळूच मुळ्यांपाशी सोडून दिली.