दहा हजार वळणं आणि इटालियन गाड्या

रॅली म्हटलं की आपल्याकडे आधी धुरळा आठवतो. भूमध्य समुद्राच्या काठी मात्र रॅलीचा एक वेगळाच पंथ आहे, निव्वळ डांबरी रस्त्यांचा. कॉर्सिका बेटावर १९५६ साली सुरू झालेल्या टूर द कोर्सला ‘दहा हजार वळणांची रॅली’ म्हणतात. सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही रस्त्यांवरची शर्यत तिच्याहून जुनी, १९०६ची. तिच्या डोंगरातल्या फेरीची लांबी पुढे ७२ किलोमीटरवर स्थिरावली. इटालियन गाड्या असल्या रस्त्यांवर घडल्या, त्यामुळे त्यांची खरी परीक्षा घाटातच होते.

लान्चा फुल्विया घ्या. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी छोटीशी कूपे, अरुंद व्ही-फोर इंजिन आणि वजन वाचवायला ॲल्युमिनियमची दारं. ताकद बेताचीच. तरी १९७२ची मॉन्टे कार्लो रॅली सान्द्रो मुनारीने हीच गाडी घेऊन मारली. पाठोपाठ आली लान्चाचीच स्ट्रॅटोस. अंग बेर्तोने या डिझाइन कंपनीने आखलेलं, सीटमागे फेरारी डिनोचं २.४ लिटरचं व्ही-सिक्स आणि व्हीलबेस अवघा २,१८० मिलिमीटर, म्हणजे जवळपास आपल्या मारुती ८००एवढा! त्यामुळे ती वळणात चटकन शिरते आणि तितक्याच चटकन मागून निसटते. १९७४ ते ७६ अशी सलग तीन जागतिक अजिंक्यपदं तिने मिळवली. कंपनीने तिच्यावरून लक्ष काढून घेतल्यावरही बर्नार्ड दार्निशने १९८१ साली कॉर्सिकात तिच्यावरच बाजी मारली.

१९८३मध्ये आउडीची क्वात्रो चारही चाकांवर जोर लावत होती. लान्चाची ०३७ फक्त मागच्या दोन चाकांवर पळे, तरी उत्पादकांचं अजिंक्यपद तिनेच नेलं. या वेगाची किंमतही कॉर्सिकातच मोजावी लागली. १९८५ साली आत्तिलिओ बेत्तेगा ०३७ चालवताना अपघातात गेला. पुढच्याच वर्षी डेल्टा एस-फोर दरीत कोसळून पेटली आणि हेन्री तोइव्होनेन व सर्जिओ क्रेस्तो दोघंही गेले. या गाड्या ज्या वर्गात धावत, त्या ‘ग्रुप बी’चा खेळ त्या वर्षाअखेर आटोपला.

आज या गाड्या ‘हिस्टॉरिक’ रॅलींत उतरतात तेव्हा मालकाचा पैसा रंगावर कमी, पोटावर जास्त खर्च होतो. खडीवर चाक घसरतं, म्हणून इंजिनला बाजूचा झटका कमी बसतो. डांबर मात्र टायर धरून ठेवतं. लांब वळणावर ऑइल चेंबरमधलं तेल एका कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. म्हणून चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात. त्यात टायर आजच्या रबराचे आणि त्यांचा भार सोसणारे हब पन्नास वर्षांपूर्वीचे! आल्फा जीटीव्ही-सिक्सची तऱ्हा आणखी न्यारी. गिअरबॉक्स मागे आणि मागच्या ब्रेकच्या डिस्कही चाकांपाशी नसून गिअरबॉक्सला बिलगून. वजन पुढे-मागे नीट वाटलं गेल्यामुळे गाडी वळते सुरेख. पण डिस्कची आच गाडीखालीच कोंडते आणि पॅड बदलायला मेकॅनिकला पाठीवर झोपून आत हात घालावा लागतो. शिवाय डांबरी रस्ताही स्वच्छ राहत नाही. पुढच्या गाड्यांनी वळण कापलं की कडेची खडी रस्त्यावर येते. मागून येणाऱ्याच्या पेस नोट्समध्ये, म्हणजे वळणांच्या आधी लिहून ठेवलेल्या टिपणांत, तिचा पत्ता नसतो.

ज्यांना वेगाची हौस नसेल त्यांच्यासाठी ‘रेग्युलॅरिटी’ आहे. तीत ठरवून दिलेल्या वेळेत अंतर कापायचं, लवकर पोचलात तरी दंड. १९५७च्या अपघातात प्रेक्षकही, त्यांत लहान मुलंही, मेल्यावर इटलीतली मिले मिलियाची शर्यत बंद झाली. आज ती याच रूपात ब्रेशिया–रोम–ब्रेशिया पळते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर गुण जातात. १९२७ ते ५७ या काळात जी मॉडेलं तिथे धावली, त्यांनाच प्रवेश. त्यांत फियाट ११०० आहे आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली आपली पद्मिनी याच घराण्यातली. काळी-पिवळी टॅक्सीत मागे बसून घामाघूम झालेल्यांना हे पटणं कठीण.

ऑस्ट्रेलियातल्या टार्गा टास्मानियाने १९९२पासून सिसिलीचा नमुना घेऊन रस्ते बंद करून खरा वेग जपला. २०२१ साली तिथे तीन स्पर्धक दगावले, २०२२मध्ये आणखी एक. त्या गाड्या इटालियन नव्हत्या, पण स्पर्धा सगळ्यांचीच थांबली. रेग्युलॅरिटीला ‘म्हाताऱ्यांचा खेळ’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. फुल्वियाला तोच खेळ शोभतो. स्ट्रॅटोसला घड्याळ बघत हळू चालवणं मात्र जुलूमच. तिच्यासाठी सान मारिनोची रॅली लेजंड बरी. तिथे स्पर्धा करणाऱ्यांबरोबरच नुसती गाडी पळवून दाखवणाऱ्यांचाही वेगळा वर्ग असतो.