भाताला उत्तम, घराला अवघड

भिवंडी तालुक्यात जमीन पाहायला आलेला माणूस आधी रस्त्याची रुंदी विचारतो, मग सातबारा मागतो, मग झोन. माती कशी आहे, हे क्वचितच विचारलं जातं. याला कारण आहे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापारी तो हद्दीबाहेर उतरवून ठेवत आणि लागेल तसा आत नेत. मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांच्या शिवारात गोदामं उभी राहिली ती या हिशेबाने. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. या सगळ्या व्यवहारात जमिनीचा एकच गुण मोजला गेला, तो म्हणजे तिचं ठिकाण.

या गोदामांखाली बऱ्याच ठिकाणी एकेकाळी भातखाचरं होती. आवणीआधी खाचरात चिखलणी करतात. तिने मातीची ढेकळं मोडतात, चिकणमातीचे बारीक कण खाली बसतात आणि पाणी झिरपण्याच्या वाटा बुजतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की नांगराच्या फाळाखाली एक घट्ट थर तयार होतो. भाताला हवं असलेलं पाणी याच थरावर उभं राहतं. चांगलं खाचर म्हणजे न गळणारं खाचर. आता त्याच जागी घर बांधा आणि सेप्टिक टाकीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. ज्या थराने भात पिकवला तोच थर ते सांडपाणी अडवून धरतो. शेतीच्या दृष्टीने जो गुण, तोच बांधकामाच्या दृष्टीने दोष.

जमिनीची प्रतवारी आपल्याकडे नवी नाही. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1835 मध्ये इंदापूर तालुक्यातून नव्या महसुली पाहणीची सुरुवात केली आणि 1847 मध्ये तिचे नियम पक्के झाले. क्लासर, म्हणजे प्रतवारी ठरवणारा पाहणीतला कर्मचारी, शेतात खड्डा खणून मातीची खोली हातांत मोजत असे. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती सोळा आण्यांची. तिथून उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांवर येई. मग दोष पाहिले जात. माती खडकाळ आहे, वाळूमिश्रित आहे, उताराची आहे, पाण्याच्या लोंढ्याने धुपते, जास्त ओल धरते. प्रत्येक दोषामागे प्रत एक पायरी खाली. अमेरिकेत जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग ठरवणारी प्रसिद्ध पुस्तिका 1961 ची आहे. तिच्यातही धूप, ओल, मातीचे दोष आणि हवामान हेच निकष आहेत. इंदापूरच्या क्लासरला ती वाचून फार नवल वाटलं नसतं.

पण देशावरचं माप कोकणात चालेना. ओल हा दोष धरला तर भाताचं सगळं शिवार नापास होतं. म्हणून इकडे भातजमीन, बागायत आणि वरकस अशी वेगळी विभागणी झाली. वरकस म्हणजे माळावरची, उताराची, मुरमाड जमीन. नाचणी-वरीची, गवताची आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, पाला-कवळ देणारी. सातबारावरचा ‘आकार’ याच परंपरेतून आला आहे. सरकारने सारा किती घ्यावा, एवढ्याच प्रश्नाचं ते उत्तर आहे. इथे तीन मजली इमारत टिकेल का, हे त्या आकड्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1976 मध्ये जमीन मूल्यमापनाचा जो आराखडा दिला, त्याने नेमका हा मुद्दा धरला: जमिनीला आधी उपयोग विचारा, मग तिला चांगली-वाईट म्हणा. माझ्या मते भिवंडीत हे कुणी गांभीर्याने केलेलं नाही. सातबारात पीक दिसतं, विकास आराखड्यात झोनचा रंग दिसतो. मातीचा थर दोन्हींत दिसत नाही.

तो पाहायचा तर बोअर घ्यावं लागतं. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून टाकत राहायचा आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. मुरमात आणि कुजक्या कातळात ठोक्यांचा आकडा चढतो. खाडीकाठच्या मऊ चिकणमातीत तो अगदी थोडक्यात आटोपतो. माती फुगते का, याची परीक्षा आणखी साधी आहे. दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन काचनळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओतून दिवसभर ठेवायची. रॉकेलात माती फुगत नाही. दोन्हींतला फरक हाच तिचा स्वभाव. काळी माती पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून भिंतींना तिरप्या भेगा पाडते ती याच स्वभावाने.

खाडीकाठी गोष्ट आणखी वेगळी. तिथे भराव टाकल्याशिवाय काही उभं राहत नाही. दोन मीटर भरावाचं वजन दर चौरस मीटरला साधारण साडेतीन टन भरतं. आधुनिक गोदामाची फरशी बहुधा पाच टनांसाठी आखतात. म्हणजे माल यायच्या आधीच खालच्या चिकणमातीवर मोठा भार पडलेला असतो. त्या दाबाने मातीतलं पाणी पिळून निघतं आणि जमीन खचत जाते, पण अतिशय सावकाश. कार्ल टर्झागी यांनी 1925 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार थर दुप्पट जाड असेल तर खचायला चौपट वेळ लागतो. खांब पाइलवर उभे असतील तर ते जागेवर राहतात. फरशी मात्र वर्षानुवर्षं खाली जाते. जुन्या लोकांनी गावठाणं बहुतेक उंचवट्याच्या मुरमावर वसवली आणि सखल भाग भाताला ठेवला. सपाट म्हणून रस्ते सखलात आले आणि रस्त्यामागून गोदामंही.

पाण्याचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक एकर खाचर बांधांमध्ये दहा सेंटिमीटर पाणी धरतं, म्हणजे चार लाख लिटर. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे पाणी सावकाश एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जायचं. त्या एकरावर पत्र्याचं छप्पर आलं की दहा सेंटिमीटर पावसाचं तेच पाणी काही मिनिटांत गटारात येतं. कामवारी नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्यात नदीचा दोष किती आणि वरच्या शिवारांचा किती, हे वेगळं काढून मोजायला हवं. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखल्या जातात खऱ्या. पण शिवारं बुजली की तेवढ्याच पावसाचा पूर मोठा होतो, मग जुन्या रेषेवर किती विसंबायचं?

तुकडे पाडण्याचा प्रश्न कायद्याने क्षेत्रफळावर सोडवला. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, ठरतं. 2023 मध्ये ते जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं खाली आलं. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे व्यवहार तरीही होत राहिले. इथे एक भूमिती कुणी मांडत नाही. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर दूर असावा, असं भारतीय मानक सांगतं. गुंठाभर चौकोनी प्लॉटची बाजू दहा मीटरची आणि कर्णसुद्धा 14 मीटरचा. एकाच प्लॉटमध्ये दोन्ही नियमाने बसूच शकत नाहीत. आणि आपण विहीर टाळली तरी शेजाऱ्याची असतेच. शिवाय मुरमाड माळावर पाणी भराभर झिरपतं, त्यामुळे तिथे पाया पक्का पण विहीर धोक्यात. खाचरात नेमकं उलट. खड्डा खणून, त्यात पाणी भरून ते 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात हे मोजणं फुकटात होण्यासारखं आहे. गुंठेवारीच्या जाहिरातीत हा आकडा मी आजवर पाहिलेला नाही.

सगळ्यात विचित्र गत खारजमिनीची. ठाणे-रायगडच्या खाडीकाठी बांध घालून आणि उघाड्या (पाणी सोडायची-अडवायची दारं) बसवून समुद्राचं पाणी थोपवलेली ही शेती आहे. पावसाने क्षार धुतले जातात आणि खारटपणा सोसणारं भात तिथे येतं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने यासाठीच वाण काढले. पण बांधाची डागडुजी सामाईक काम आहे. जमीन विकायचीच ठरवून मालक पीक घेणं सोडतात, बांधाला खांड पडते आणि भरतीचं पाणी आत येतं. दोन-चार वर्षांत तिथे तिवरं उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर तिवरांना आणि त्यांच्या भोवतालच्या 50 मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. म्हणजे गोदामाच्या भावाची वाट पाहत पडीक ठेवलेल्या त्या शेतात आता भातही घेता येत नाही आणि गोदामही बांधता येत नाही.