एका दिवसाची पाच नावे

कालगणना हा विषय आपल्या शाळांतून भूगोल आणि गणित यांच्या सांदीत कोठेतरी पडलेला असतो. पृथ्वी 365 दिवसांत सूर्याभोवती फिरते आणि दर चार वर्षांनी फेब्रुवारीस एक दिवस अधिक मिळतो, एवढे पाठ झाले की भिंतीवरचे कॅलेंडर हेही परिभ्रमणासारखेच निसर्गसिद्ध आहे, असा मुलांचा ग्रह होऊन बसतो. हा ग्रह घालवावयाचा तर आरंभ रोमपासून न करता रायगडापासून करावा, असे माझे मत आहे.

शिवराज्याभिषेकाचा दिवस घ्या. पंचांगाप्रमाणे तो शके 1596, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. दफ्तराच्या जुन्या रिवाजाने तेच वर्ष शुहूर सन 1075, आणि तेही अंकांत नव्हे, तर ‘खमस सबैन व अलफ’ अशा अरबी शब्दांत लिहावयाचे. हिजरी गणनेत ते 1085. मुंबईच्या इंग्रजांकडे त्या दिवशी तारीख होती 6 जून 1674, आणि त्याच किनाऱ्यावर खाली गोव्यात फिरंग्यांच्या कचेरीत मात्र 16 जून! हे कोडे वर्गात घालावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.

दहा दिवसांचा तो फरक ज्युलियस सीझरच्या पदरचा. त्याने ठरविलेले तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे वर्ष खऱ्या ऋतुवर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. शतकानुशतके ही मिनिटे साचत गेली, वसंतसंपात मागे सरकला आणि त्यावर अवलंबून असलेला ईस्टरचा सण भलत्याच दिवशी येऊ लागला, तेव्हा पोप तेरावा ग्रेगरी याने 1582 साली गुरुवार, 4 ऑक्टोबरच्या पाठोपाठ शुक्रवार, 15 ऑक्टोबर आणला. (वाराची साखळी मात्र तुटू दिली नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.) कॅथलिक पोर्तुगालने आज्ञा मानली, प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचे गणित बरोबर असूनही ते पोपचे म्हणून 1752 पर्यंत नाकारले. मधल्या 1700 सालाने फरक आणखी एका दिवसाने वाढविल्यामुळे तेथे 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर उजाडला. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून तेव्हा दंगे झाल्याची कथा रसाळ आहे, परंतु संशोधक तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. रशियाने तर 1918 पर्यंत वाट पाहिली. म्हणूनच तेथील ऑक्टोबर क्रांतीचा दिवस नव्या गणनेने 7 नोव्हेंबरला येतो.

तथापि माझ्या मते मुलांना अधिक रुचेल ती शुहूर सनाची हकीकत. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, म्हणजे सुमारे 354 दिवसांचे; नमाज-रोज्यांना ते निर्दोष, पण सरकारी वसुलीस निरुपयोगी, कारण पीक चंद्राकडे पाहून पिकत नाही. सूर्याची 32 वर्षे होतात तोवर हिजरीची जवळजवळ 33 होतात. सारा हिजरीप्रमाणे घेतला तर रयतेच्या पदरी पिके 32 आणि तगादे 33! म्हणून दख्खनेत शुहूर सन चालला. त्याचा आकडा हिजरीवरून घेतलेला, परंतु वर्ष सौर, आणि आरंभ सूर्य मृग नक्षत्रात शिरताच, म्हणून त्यास मृगसाल असेही नाव. फसली सन याच गरजेतून निघाला. त्याच्या नावातच फसल, म्हणजे पीक, आहे. आपल्या पंचांगाने अधिक मास घालून चंद्रसूर्यांचा हिशेब जुळविला तो निराळ्या वाटेने.

पाठ्यपुस्तके हा सारा इतिहास चुकीकडून अचूकतेकडे झालेला प्रवास म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. फ्रेंच क्रांतिकारकांचे 1793 चे दशमान कॅलेंडर गणितास सोयीचे होते. पण त्याने सातव्या दिवसाची विश्रांती दहाव्या दिवसावर नेली आणि नेपोलियनने 1806 च्या आरंभी ते बंद केले. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 रोजी, म्हणजे 1 चैत्र 1879 रोजी, सुरू झालेले आपले राष्ट्रीय पंचांग शास्त्रशुद्ध आहे. आज त्यातील तारीख कोणती, हे वर्गात विचारून पाहावे.

रायगडावर राज्याभिषेकदिन हल्ली दोनदा साजरा होतो, एकदा तिथीने आणि एकदा 6 जूनला. यांतील 6 जून ही तारीख इंग्रजांनी स्वतःच 1752 साली टाकून दिलेल्या गणनेतील आहे.