हिमप्रदेशातील हिवाळा आणि घरगुती कंपोस्ट : व्हरमाँट राज्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट या छोट्या राज्याच्या विधिमंडळाने २०१२ मध्ये सार्वत्रिक पुनर्चक्रीकरणाचा कायदा एकमताने संमत केला. अन्नकचरा इतर केराबरोबर टाकण्यास मनाई करणारी त्यातील तरतूद टप्प्याटप्प्याने अमलात आली. २०१४ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर अन्नकचरा निर्माण करणाऱ्या संस्थांना लागू झाली आणि १ जुलै २०२० पासून प्रत्येक कुटुंबाला. या राज्यात कॉव्हेंट्री येथे एकच भूभरण क्षेत्र चालू आहे. तेथे हवेविना गाडले गेलेले अन्न कुजताना मिथेन वायू बाहेर पडतो. कायद्यामागील ही दोन कारणे सहज समजण्यासारखी आहेत.

नागरिकाने अन्नकचरा संकलन केंद्रावर नेऊन द्यावा, वाहून नेणाऱ्याकडे सोपवावा किंवा घरीच त्याचे कंपोस्ट करावे, असे पर्याय आहेत. घरी कंपोस्ट करणाऱ्यास मांस व हाडे केरात टाकण्याची मुभा आहे. हिवाळ्यासाठी मात्र वेगळी सवलत नाही. बर्लिंग्टन या तेथील सर्वांत मोठ्या शहरात जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सहा-सात अंश सेल्सिअस असते आणि हंगामात सुमारे दोन मीटर बर्फ पडतो. अशा ठिकाणी अंगणातील ढीग कित्येक आठवडे दगडासारखा गोठून राहतो. मग कायद्याने सोपवलेले काम तो करतो असे म्हणावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ढिगातील उष्णतेचा हिशेब :

कंपोस्टच्या ढिगाला बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. सेंद्रिय पदार्थांचे विघटन करताना जिवाणू आणि बुरशी स्वतःच उष्णता निर्माण करतात. कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० च्या दरम्यान, ओलावा ५० ते ६० टक्के आणि पुरेशी हवा असेल, तर ढिगाचे अंतरंग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापू शकते. प्रश्न ती उष्णता टिकवण्याचा आहे. उष्णता ढिगाच्या घनफळात निर्माण होते आणि पृष्ठभागातून निसटते. एक मीटर बाजूच्या घनाकार ढिगात दर घनमीटर द्रव्यामागे ६ चौरस मीटर पृष्ठभाग असतो. ३० सेंटिमीटर बाजूच्या ढिगात हेच प्रमाण २० वर जाते. म्हणजे लहान ढिगातील प्रत्येक मूठभर द्रव्याला तिपटीहून अधिक गळतीला तोंड द्यावे लागते. बाजारात मिळणाऱ्या लहान प्लॅस्टिक डब्यातील कंपोस्ट कडक थंडीत गोठते, त्यात करणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. येथे भूमितीच आड येते.

बर्फ मात्र शत्रू नव्हे. ताज्या हिमात बहुतांश हवाच असते आणि अडकलेली हवा उत्तम उष्णतारोधक आहे. ढिगावर साचलेला बर्फ झाडून काढणे म्हणजे त्याच्या अंगावरील पांघरूण ओढून घेणे होय.

इंदूर पद्धत आणि उलथापालथीचा प्रश्न :

कंपोस्ट म्हटले की ढीग ठरावीक दिवसांनी उलथावा, हा नियम आपल्या मनात पक्का असतो. त्याचे एक मूळ आपल्या शेजारीच आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत जी पद्धत सिद्ध केली, ती त्यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. शेतातील काडीकचरा व शेण यांचे थर, तीन वेळा उलथापालथ आणि सुमारे तीन महिन्यांत तयार खत, असे तिचे स्वरूप होते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही पद्धत मुळातच हवामानानुसार बदलणारी होती. कोरड्या दिवसांत ओल टिकावी म्हणून उथळ खड्डे, तर पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून जमिनीवर ढीग, अशी तिची व्यवस्था होती.

हेच तर्कशास्त्र व्हरमाँटला लावले तर निष्कर्ष उलटा येतो. उलथापालथीने हवा मिळते. परंतु अंतरंगातील उष्णताही एका झटक्यात निघून जाते. इंदूरच्या हवेत तो तोटा लवकर भरून निघतो, उणे दहा अंशांत तो निघेलच असे नाही. म्हणून हिवाळ्यात ढीग उलथू नये. मध्यभागी खळगा करून त्यात ओला कचरा टाकावा, वरून पाचोळा लोटावा आणि ढीग मिटून टाकावा. उलथापालथीचे वेळापत्रक तेवढे इंदूरचे आहे. हवा, ओल आणि कर्ब-नत्र यांच्या समतोलाचे तत्त्व कोठेही तेच राहते.

पाचोळा आणि जागा :

प्रस्तुत लेखकाच्या मते हिवाळी कंपोस्टचे यशापयश शरद ऋतूतच ठरते. आकारमानाने एक भाग ओल्या कचऱ्यास तीन भाग सुका पाचोळा, असे ढोबळ प्रमाण धरले जाते. समजा, एका कुटुंबाचा ओला कचरा आठवड्याला दहा लिटर भरतो आणि कडक हिवाळा वीस आठवडे चालतो. कचरा झाला २०० लिटर. त्याला पाचोळा हवा ६०० लिटर. एकूण ८०० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर! उन्हाळ्यात ढीग कुजत आक्रसत जातो व नव्या कचऱ्यास जागा होते. हिवाळ्यात तो आक्रसत नाही. नोव्हेंबरात ज्याचा कप्पा आधीच भरलेला आहे, त्याच्यापुढे जानेवारीत डबा कोठे रिकामा करावा हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून तयार खत शरदात काढून घेणे किंवा दुसरा कप्पा राखणे अपरिहार्य ठरते. पाचोळाही बर्फाखाली दबण्यापूर्वीच गोळा करून कोरडा ठेवावा लागतो. मेपलच्या पानांचा तेथे तोटा नाही. तोटा असतो तो ऑक्टोबरात गोणी भरून ठेवण्याच्या दूरदृष्टीचा.

घरात गांडुळांची पेटी ठेवणे हा दुसरा मार्ग आहे; परंतु ही गांडुळे गोठणबिंदूखाली जगत नाहीत, त्यामुळे पेटी तळघरात वा स्वयंपाकघरातच ठेवावी लागते.

गोठलेला ढीग :

इतके करूनही ढीग गोठला तर? काही सूक्ष्मजीव मरतात, अनेक सुप्तावस्थेत जातात, काही बीजाणुरूपाने तग धरतात. शून्याजवळ द्रवरूप पाणी आहे तोवर शीतसह जिवाणूंचे मंद कार्यही चालते. त्याहून महत्त्वाची गोष्ट भौतिक स्वरूपाची आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि हिमस्फटिक वनस्पतीच्या पेशीभित्तिका फोडतात. शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात विसरलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर कसा लिबलिबीत होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. साली व देठ असेच आतून फुटलेले असल्याने वसंतात जिवाणूंचे अर्धे काम आधीच झालेले असते. तेव्हा गोठलेला ढीग निकामी न समजता विघटनाची पूर्वतयारी करणारे कोठार समजणे अधिक शास्त्रीय ठरेल. मात्र असा ढीग रोगजंतू नष्ट होण्याइतका तापत नाही. पाळीव प्राण्यांची विष्ठा त्यात घालू नये.

खरी जोखीम मार्च-एप्रिलमध्ये संभवते. चार महिन्यांचा कचरा एकदम वितळतो, पाणी सुटते, हवा कोंडते आणि दुर्गंधी पसरते. नेमके याच सुमारास तेथील काळी अस्वले शीतनिद्रेतून भुकेली बाहेर पडतात. ज्या ढिगात पाचोळा कमी आणि मांस-हाडे आहेत, तो ढीग म्हणजे त्यांना आमंत्रणच. आणि वस्तीला सरावलेल्या अस्वलाचा शेवट बहुधा बंदुकीने होतो. म्हणून बर्फ उतरू लागताच राखून ठेवलेल्या कोरड्या पाचोळ्याच्या शेवटच्या गोणी ढिगात मिसळाव्यात आणि हिवाळाभर टाळलेली उलथापालथ तेव्हा करावी. त्यानंतर काही दिवसांत ढिगात हात घातल्यास तो कोमट लागतो.