गर्दी वजा करून

सकाळी ६.३०

चहाच्या आधी फोन. दुबईहून, लंडनहून आलेले निरोप रात्रीच पडलेले असतात. आजचा मुंबईचा आहे, आणि नेहमीप्रमाणे साहेबांचा नाही, साहेबांच्या सेक्रेटरीचा. कुटुंब नाताळापासून मांद्र्याच्या व्हिलात उतरलंय. समुद्राचा कंटाळा आलाय. 'बॉर्डरपलीकडे एक दिवस, काहीतरी वेगळं.' बजेटबद्दल अक्षर नाही, म्हणजे बजेट आहे.

माझा धंदा हाच. उत्तर गोव्यातल्या महागड्या व्हिलांत राहणाऱ्यांना सिंधुदुर्गातला एकेक दिवस विकायचा. ऑफिस बांद्यात, कट्टा कॉर्नरपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. एक खोली, दोन टेबलं. गिऱ्हाईक इथे कधीच येत नाही, त्यामुळे सोफासुद्धा घेतलेला नाही. बांदाच का, तर पत्रादेवीचा नाका हाकेवर आणि मोपा विमानतळ जवळ. ५ जानेवारी २०२३ला मोपाहून पहिली विमानं उडाली, तोवर दाबोळीला उतरलेला पैसेवाला माणूस अख्खा गोवा ओलांडून इकडे कशाला येतोय? चिपीचा विमानतळ त्याआधी, ऑक्टोबर २०२१मध्ये झाला, पण माझं पोट मोपावर आहे.

सकाळी ८.००

दिवसातलं खरं काम या दोन तासांत होतं, आणि ते म्हणजे लिहिणं. यंदा कामाला लागलेल्या मुलाने कच्चा मजकूर करून ठेवलाय: स्वर्गीय निसर्ग, अविस्मरणीय अनुभव, राजेशाही पाहुणचार. सगळं खोडते. ही विशेषणं आता लॉजच्या पाटीवरही असतात.

बेताच्या पैशांत फिरणाऱ्याला काय काय मिळेल ते सांगायचं: नाश्ता, दोन देवळं, एक किल्ला, परतीची वेळ. खूप पैसे असलेल्याला काय नसेल ते सांगायचं. दुसरी बोट नसेल. कुठेही थांबावं लागणार नाही. कुणी फोटो मागायला येणार नाही. परतीची वेळ ठरलेली नाही. बस, चार ओळी. आकडा शेवटी, तोही विचारला तरच, आणि एकच. जेवणाचे इतके, गाडीचे इतके अशी फोड केली की माणूस लगेच वाण्याच्या दुकानात उभा राहतो. सवलत तर कधीच द्यायची नाही. दहा टक्के कमी केले की त्याला वाटतं, मुळातच फसवत होते.

या जिल्ह्याने श्रीमंत पाहुणा पहिल्यांदा जवळून पाहिला तो बहुधा डेक्कन ओडिसीमुळे. १९८२च्या पॅलेस ऑन व्हील्सच्या धर्तीवर महाराष्ट्राने ही आलिशान रेल्वेगाडी २००४मध्ये काढली, आणि तिच्या सुरुवातीच्या मार्गात सिंधुदुर्ग होता. कोविडमध्ये बंद पडलेली गाडी २०२३च्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झाली. गाडी देखणी, पण आठवडाभर तुम्ही इतर प्रवाशांसोबत, ठरलेल्या वेळी ठरलेल्या स्टेशनावर. माझ्या गिऱ्हाइकाला दुसरा श्रीमंतही शेजारी नको असतो. अमेरिकेत व्हेब्लेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८९९मध्ये लिहून ठेवलं की धनिक खर्च करतो तो दिसावा म्हणून. आता दिसायचं नाही म्हणूनही तितकाच खर्च होतो. गेल्या वर्षीच्या एका कुटुंबाने ड्रायव्हरपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, कुठे बोलणार नाही म्हणून. स्वयंपाकीण काकी अजून विचारते, 'बोलूचा काय होता पण?'

सकाळी १०.३०

सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, दशावताराच्या संचात दहा रंग, एकेका रंगाचे बारा, एकूण १२०. एका पत्त्यावर बारीक कुंचला किती वेळ फिरतो हे पाहिलं की माणूस आपोआप गप्प होतो. मी पाहुण्यांना आधी काही सांगत नाही. नुसतं शेजारी बसवते.

दुपारी १२.३०

व्हिलाच्या मॅनेजरचा फोन. शॅम्पेनची पेटी बर्फात घालून गाडीतून पाठवतो म्हणतो. त्याला समजावते: दादा, पत्रादेवी ओलांडली की ती बाटली गुन्हा आहे. गोव्याचा कर भरलेली दारू महाराष्ट्रात चालत नाही, आणि पुढे इन्सुलीला उत्पादन शुल्कवाल्यांचा नाका आहे. इकडूनच घ्या, परवान्यावर. इकडची किंमत ऐकून तो कळवळतो. साहेब कळवळला नसता. घासाघीस नेहमी मधला माणूस करतो, कारण हिशेब त्याला दाखवायचा असतो.

मग नकाशा उघडला. तेरेखोल नदी आपल्या बांद्यावरूनच जाते आणि पुढे दोन राज्यांची हद्द होते. पण मुखाशी एक गंमत आहे: उत्तर काठावरचा तेरेखोलचा किल्ला आणि भोवतीचा इवलासा तुकडा गोव्याचा. १७४६मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, तो आजतागायत तिकडेच. आणि केरीहून तिथे सरकारी फेरीबोट जाते. म्हणजे पेटी मांद्र्याहून केरी, केरीहून फेरीने तेरेखोल. महाराष्ट्राला शिवलीच नाही. दुपारचं जेवण तिथल्याच एका घराच्या अंगणात मांडायचं, बाटल्या तिथेच संपवायच्या, आणि पाहुणे रिकाम्या हातांनी रेडीच्या बाजूने सिंधुदुर्गात. पोर्तुगीज व्हाइसरॉयची स्वारी अशी आमच्या कामी येईल असं कुणाला वाटलं असेल!

त्या किल्ल्यात हॉटेल चालायचं. सात खोल्या, आणि खोल्यांना नंबर नाहीत, वारांची नावं. 'आम्ही गुरुवारात राहिलो होतो,' असं सांगायला मिळण्यासाठी माणसं पैसे मोजायची. ज्याला हे सुचलं त्याला नमस्कार.

दुपारी ४.००

दशावतार कंपनीचे मालक, आमचे मामा, ऑफिसात आलेत. सेक्रेटरीने लिहिलंय: दशावतार हवा, पण व्हिलावर, फक्त कुटुंबासाठी, पाऊण तास. जत्रेतला खेळ अकराच्या पुढे सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतो. मामा हसले. "पाऊण तासात? बाय, संकासुर येयसरच पाऊण तास जातलो."

मी म्हटलं, मी नाही कळवते. त्यापेक्षा जत्रेलाच नेते, देवळासमोर मागच्या बाजूला चार खुर्च्या टाकू. खेळ तिथे शोभतो. समोर पोरं झोपलेली, बाजूला खाजा आणि भज्यांचे गाडे, संकासुराला ओरडून उत्तरं देणारी माणसं. ही गर्दी वजा केली तर उरतं काय? या एका ठिकाणी माझं सगळं विक्रीशास्त्र उलटं पडतं.

मामांनी पानाला चुना लावला. "ते पैसे देतत तर आमी कित्याक नको म्हणूचा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परंपरा अखंड राहावी ही हौस माझी, पेटारा डोक्यावरून वाहणारी माणसं त्यांची. शिवाय खेळ कुठे कापायचा हे मला काय कळणार, त्यांना कळतं. गणपती, संकासुर आणि शेवटचं युद्ध, असं त्यांनीच दोन मिनिटांत बांधून दिलं. "पण बिदागी अख्ख्या रातीची. तोंडाक रंग लावूक तेवढोच वेळ लागता."

मान्य केलं. सेक्रेटरीलाही तेवढंच कळवलं, वेळेचा हिशेब न सांगता. 'ओके' आलं, अर्ध्या मिनिटात. जत्रेचा बेतही खाली लिहून ठेवला होता. त्यावर काही नाही.

सायंकाळी ७.००

मोपावर पाहुण्यांचे आणखी दोन नातेवाईक उतरतायत. गाडी धुतलेली, पण सुगंध नाही. गाडीत वास मारणारं काही लावलं की ती टॅक्सी होते. ड्रायव्हरला शिकवायची सगळ्यात अवघड गोष्ट गाडी चालवणं नाही, विचारल्याशिवाय न बोलणं. मालवणी माणसाला मोपा ते मांद्रे गप्प बसवायचं म्हणजे शिक्षाच. त्याची भरपाई म्हणून परत आल्यावर तो मला अर्धा तास सगळं सांगतो.

रात्री ९.३०

बिलं. फोड गिऱ्हाइकाला दाखवत नाही, पण वहीत ठेवावी लागतेच: बोटवाला, काकी, कंपनी, जीएसटी. तेवढ्यात शेवटचा निरोप. साहेब विचारतायत, हा दिवस याआधी कुणी घेतलाय का?

घेतलाय, थोडा इकडचा तिकडचा. तेरेखोलचं अंगण मात्र नवीन आहे, आजच दुपारी सापडलेलं. 'जेवणाची जागा पहिल्यांदाच,' एवढं खरं तेवढं लिहिलं.

मग उद्याची यादी. भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून फेरीची वेळ, कारण पाणी फार उतरलं की ती थांबते. पेटीसोबत कोण जाणार. बिल गोव्यातल्या दुकानाचंच आणि सोबतच ठेवायचं, हे दोनदा लिहिलं. रिकाम्या बाटल्या त्याच फेरीने परत.